मेळघाट राखीव आहे, मग रानपिंगळा धोक्यात कसा?

तुम्ही विचारलंत की मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, गाभा आणि बफर (गाभ्याभोवतीचा पट्टा) मिळून २७६८ चौरस किलोमीटरचा पसारा आहे, बंदोबस्त आहे. मग तिथल्या रानपिंगळ्याला, म्हणजे त्या छोट्या घुबडाला, आणि इतर पक्ष्यांना अजून धोका आहे असं का म्हणतात? वाघ राखला की त्याच्या आडोशाने सगळंच राखलं जातं ना? शिवाय हिवाळ्यात तुम्ही तिकडे जाणार आहात, तर हौशी माणसाच्या नोंदींचा कुणाला काही उपयोग होतो का, हेही विचारलंत.

वाघाच्या आडोशाने बरंच काही राखलं जातं, हे आधीच मान्य करतो. हा प्रकल्प झाला नसता तर इथलं काय झालं असतं, ते बघायला लांब जायला नको. पश्चिमेला यावल-तोरणमाळच्या बाजूला सातपुड्याचे उतारच्या उतार नांगराखाली गेलेत. पण वाघाला जे लागतं आणि रानपिंगळ्याला जे लागतं, ते एक नाही. सावज, पाणी, दाट आडोसा आणि शांतता मिळाली की वाघ पुढचं बघून घेतो. रानपिंगळ्याला घरट्यासाठी ढोलीचं, म्हणजे आत पोकळी असलेलं, झाड लागतं, झाडाभोवती विरळ, उघडी जमीन लागते आणि त्या जमिनीवर सरडे-उंदीर लागतात. व्याघ्रगणनेच्या तक्त्यात यातलं काहीच उमटत नाही. त्यामुळे वाघ वाढताहेत आणि त्याच जंगलात पिंगळ्याची घरं कमी होताहेत, असं एकाच वेळी घडू शकतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही येणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. ते कसं घडतं, हे सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

रानपिंगळ्याची कथा तुम्हाला थोडीफार माहीत असेलच. १८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात पहिला नमुना मिळवला आणि पुढच्या वर्षी ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन छापलं. १८८४ पर्यंत सातच नमुने जमले. त्यानंतर शंभरावर वर्षं पक्षी कुणाच्या दृष्टीस पडला नाही. मधे १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता. तो माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश संग्राहकाने आधीच्या संग्रहातून चोरून, नवी चिठ्ठी लावून आपल्या नावावर खपवलेला निघाला. त्या खोट्या चिठ्ठीपायी शोध भलत्याच मुलखात होत राहिला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी खऱ्या नमुन्यांची ठिकाणं पुन्हा तपासली आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासोबत २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी जिवंत पाहिला. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातला खंडवा-बुऱ्हाणपूरचा पट्टा, २०१४ मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातलं तानसा अभयारण्य, मग दक्षिण गुजरात अशा नोंदी येत गेल्या. नव्या जागा सापडल्या म्हणून २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' गटातून काढून 'संकटग्रस्त' गटात टाकलं. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज आजही हजाराच्या आतच आहे. यादीत एक पायरी खाली आला म्हणजे पक्षी वाढला असं बरेच जण समजतात. तसं नाही, आपल्याला आधीपेक्षा जास्त ठिकाणं कळली इतकंच.

आता ढोलीचं बघू, कारण गाडं सगळ्यात जास्त तिथेच अडतं.

रानपिंगळा स्वतः भोक पाडत नाही. फांदी मोडते, मोडल्या जागी पावसाचं पाणी मुरतं, बुरशी धरते, आतला गाभा कुजत जातो आणि काही दशकांनी पिंगळा आत मावेल एवढी पोकळी तयार होते. कधी सुतार पक्ष्याने केलेलं भोक मोठं होत जातं. सागाचा गाभा चिवट, सहजासहजी कुजत नाही. त्यामुळे एकाच वेळी लावलेल्या, एकाच वयाच्या सरळसोट सागाच्या रोपवनात ढोल्या फार थोड्या मिळतात. उपग्रहाच्या चित्रात ते रोपवन आणि शेजारचं जुनं मिश्र जंगल दोन्ही सारखंच हिरवं दिसतं. ढोलीसाठी शोधायची ती झाडं म्हणजे जुनी, वाकडीतिकडी, अर्धी वाळलेली: सालई, धावडा, मोह, ऐन, रोहन. नेमकी हीच झाडं माणसाला निरुपयोगी वाटतात. प्रादेशिक वनविभागात जिथे कार्य आयोजनेप्रमाणे (ठरलेल्या आराखड्याप्रमाणे) तोड होते, तिथे तोडायच्या झाडांवर खूण करताना पहिला हातोडा पडतो तो मेलेल्या, मरू घातलेल्या आणि रोगट झाडांवर. प्रकल्पाच्या गाभ्यात व्यापारी तोड नाही, पण रस्त्याकडेचं वाळलेलं झाड पर्यटकांच्या अंगावर पडेल म्हणून निघतं, वनरक्षकांच्या कुटीच्या सरपणासाठी निघतं, गावाजवळचं चुलीसाठी निघतं. सालई-धावड्याला डिंकासाठी घातलेले घाव खोल गेले तर झाड आधी कमजोर होतं आणि मग वाऱ्यात पडतं. पोपटाची पिल्लं किंवा मध काढायला कुऱ्हाडीने ढोलीचं तोंड मोठं केलं, की तिथे पुन्हा कुणी घरटं करत नाही, कारण एवढ्या मोठ्या तोंडातून घोरपडही आत शिरते.

आणि ढोलीला गिऱ्हाईक एकटा रानपिंगळा नसतो. पोपट, मैना, नीलकंठ, राखी धनेश, साधा पिंगळा, जंगली पिंगळा, उडती खार अशी रांग लागलेली असते. ढोल्या कमी झाल्या की या रांगेत मागे पडतो तो संख्येने कमी असलेला.

वापरात असलेली ढोली ओळखायची कशी, हे मी नव्या वनरक्षकांना नेहमी दाखवतो. वर बघायच्या आधी खाली बघायचं. बुंध्याजवळच्या दगडांवर, पानांवर चुन्यासारखे पांढरे शिंतोडे असतात. पाचोळ्यात अंगठ्याच्या पेराएवढ्या करड्या गोळ्या सापडतात. पिंगळा न पचलेलं अन्न असं गोळी करून ओकून टाकतो. गोळी वाळलेली असेल तर बोटांनीच सुटते आणि आत काय काय निघतं: उंदराचा जबडा, दात अजून जागच्या जागी, सरड्याच्या खवल्यांचे तुकडे, भुंग्याच्या पंखांची चकचकीत कवचं, टोळाचा करवतीसारखा पाय. ढोलीच्या तोंडाची खालची कड ये-जा करून गुळगुळीत झालेली असते आणि कोळ्याचं जाळं नसतं. अशा झाडाचं जीपीएस टिपून बीटच्या (वनरक्षकाच्या हद्दीतल्या जंगलाच्या) नोंदवहीत 'हे झाड काढू नये' एवढं लिहिलं तरी काम होतं. पैसा लागत नाही. मला विचाराल तर प्रत्येक बीटमध्ये अशी झाडं मोजून, खूण करून ठेवणं हा या पक्ष्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. माहितीफलक, पुतळे, स्वागतकमानी यांचा नंबर फार नंतर.

वणव्याचा या ढोलीशी थेट संबंध आहे. सागाची पानं जानेवारीपासून गळायला लागतात आणि मार्चमध्ये जमिनीवर पापडासारखा थर होतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून जाळतात, कुणी वैरापोटी तर कुणी बिडी टाकून. आग जमिनीवरूनच सरकते आणि उभं जंगल वरवर पाहता वाचलेलं दिसतं. पण ज्या म्हाताऱ्या झाडाचा बुंधा पोकळ आहे, त्यात ठिणगी शिरली की ते झाड धुराड्यासारखं आतून जळतं. आजूबाजूची आग विझून गेली तरी ते दोन-दोन दिवस धुमसत राहतं आणि मग एका रात्री आडवं होतं. म्हणजे आग नेमकी ढोलीचीच झाडं वेचून नेते. रानपिंगळ्याचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे. वणव्याचा हंगाम सरकारी हिशेबाने १५ फेब्रुवारी ते १५ जून. दोन्ही कुठे गाठ घालतात ते दिसतंच आहे. त्यात रातवा, तित्तर, लावा, राखी रानकोंबडी यांची अंडी जमिनीवरच असतात. जळालेल्या पट्ट्यात सरडे-सापसुरळ्या राहत नाहीत, आणि ज्याच्या पोरांना रोज सरडा लागतो त्याने करायचं काय?

जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून आधीच जाळून ठेवलेले पट्टे, घेण्याच्या मी विरोधात नाही. उलट त्या १५ फेब्रुवारीच्या आत, सकाळच्या दवात, वारा पडलेला असताना घेतल्या तर पुढची मोठी आग अडते. अडचण तेव्हा होते जेव्हा निधी उशिरा येतो, काम मार्चवर ढकललं जातं आणि जाळरेषेचीच आग सुटते. उपग्रहावरून आगीचा इशारा आता मोबाइलवर येतो, ही मोठी सोय झाली. पण इशारा आल्यावर डोंगर उतरून तिथे पोहोचतो तो पाचोळा उडवायचा ब्लोअर खांद्यावर घेतलेला अंगारी, म्हणजे आग विझवणारा मजूरच. त्याची मजुरी थकली तर उपग्रह काय करणार?

मोकळ्या जमिनीचा मुद्दा जरा नाजूक आहे, कारण तो पुनर्वसनाशी जोडलेला आहे. गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं सगळ्यात आधी बाहेर आली, नंतर आणखी बरीच. कोरकू कुटुंबांनी काय सोडलं आणि त्या बदल्यात त्यांना काय मिळालं, हा स्वतंत्र आणि मोठा प्रश्न आहे. कुटुंबामागे आधी दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख, एवढ्या आकड्याने तो मिटत नाही. पक्ष्यांपुरतं बोलायचं तर उठलेल्या गावांच्या शेतजमिनींवर गवताची कुरणं झाली आहेत. चितळ-सांबर, रानगवे तिथे येतात, मागोमाग वाघ येतो, आणि कुरणाच्या कडेच्या झाडावर बसून खाली झेप घेणाऱ्या रानपिंगळ्यालाही ती सोयीची आहेत. हा पक्षी किर्र जंगलातला नव्हे. विरळ सागवन, त्याला लागून उघडं रान किंवा शेत, अशा कडेवर तो जास्त दिसतो. म्हणून 'माणूस हटला की पक्षी वाढला' हे सरळ गणित इथे चालत नाही. गाव उठल्यावर त्या जमिनीकडे दुर्लक्ष झालं तर तरोटा, रानतुळस आणि घाणेरी (लँटाना) तिचा ताबा घेतात. घाणेरीच्या जाळीत उंदीर असतीलही, पण वरून झेप घेणाऱ्याला ते दिसत नाहीत. घाणेरी नुसती कापून भागत नाही, जोमाने फुटते. मुळासकट उपटावी लागते, आणि तीही बी धरण्याआधी, सलग काही वर्षं. एक वर्ष उपटून फोटो काढायचे आणि दुसऱ्या वर्षी निधी नाही म्हणून सोडायचं, यापेक्षा सुरुवातच न केलेली बरी, असं मला वैतागून वाटतं कधीकधी.

आता ज्यांना हद्द कळत नाही अशा धोक्यांबद्दल. याचं सगळ्यात मोठं उदाहरण गिधाडांचं. नव्वदच्या दशकापासून देशभरात गिधाडं झपाट्याने संपली; पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची तर नव्याण्णव टक्क्यांहून जास्त. अभयारण्यातलीही मेली आणि बाहेरचीही. कारण २००४ मध्ये स्पष्ट झालं: जनावरांना वेदनाशामक म्हणून देत असलेलं डायक्लोफिनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मग त्याची जागा घेणारी ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही तितकीच घातक निघाली, ती बंद व्हायला २०२३ उजाडलं. गिधाड एका दिवसात शंभर किलोमीटर सहज फिरतं. त्याच्यासाठी मेळघाटची हद्द म्हणजे अकोट, अचलपूर, धारणीच्या पशुवैद्यकाच्या दुकानातलं फडताळ. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. तो लिहून दिला जातो की नाही, यावर गिधाडाचं भवितव्य ठरतं.

तीच गोष्ट उंदीरनाशकांची. बफरलगतच्या शेतांत गहू-हरभरा पिकला की उंदीर वाढतात आणि झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोन टाकलं जातं. ब्रोमॅडिओलोनने उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस आतून रक्तस्राव होत, सुस्तावून, दिवसाउजेडी उघड्यावर फिरतो. बांधावरच्या झाडावर बसलेल्या दिवसा शिकार करणाऱ्या पिंगळ्याला याहून सोपं सावज कोणतं? शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचं धान्य खरंच जातं. पण बीळ शोधून, आत आमिष ठेवून, तोंड बुजवलं आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरले, तर धोका बराच उतरतो. जंगलाशेजारच्या गावांत हे कृषी खात्याच्या माणसाने सांगायला हवं. वनखात्याच्या माणसाने सांगितलं की लोकांना त्यात वेगळाच वास येतो.

गुलेल आहेच, दिवाळीच्या सुमारास घुबडांना धरून करणी-उताऱ्याला वापरणं आहेच. रस्ते आहेत. परतवाडा-सेमाडोह-हरिसाल रस्त्यावर रात्री रातवे तापलेल्या डांबरावर येऊन बसतात आणि दिव्यांच्या झोतात उठत नाहीत. रात्रीची वाहतूक रोखणं हाच त्यावर उपाय. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे प्रकल्पातून जायची. तिचं ब्रॉडगेज करताना मार्ग जंगलाबाहेरून न्यावा, अशी वन्यजीवप्रेमींची मागणी होती, आणि २०२० मध्ये राज्य सरकारनेही रेल्वेला तसं कळवलं. लांबचा मार्ग खर्चिक पडतो हे खरं, पण बाहेरच्या गावांना रेल्वे मिळते हेही तितकंच खरं. ते मात्र कुणी फारसं बोलत नाही.

नोंदींचं विचारलंत, तर हो, उपयोग होतो, फक्त नोंद नीट हवी. वाघांची गणना दर चार वर्षांनी होते, कॅमेरे लागतात, पैसा येतो. पक्ष्यांसाठी एवढी यंत्रणा नाही आणि लवकर उभी राहील असं दिसत नाही. म्हणून हौशी लोकांच्या याद्या इथे खरोखर कामाच्या. मांडवीच्या त्या चिठ्ठीने केवढा घोळ घातला ते वर आलंच आहे, तेव्हा ठिकाण आणि तारीख यांत अंदाजपंचे चालत नाही.

ओळखीची काळजी घ्या. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळपास नसतातच. डोकं अंगाच्या मानाने मोठं, छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पोट स्वच्छ पांढरं, पायांवर बोटांपर्यंत दाट पांढरी पिसं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. ऊन असतानाही उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. फोटो असेल तर शेपटी आणि पोट दिसेल असा काढा. चेहऱ्याचा जवळून काढलेला सुंदर फोटो ओळखीला पुष्कळदा कुचकामी ठरतो.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आम्ही सर्वेक्षणात वाजवतो ते परवानगी घेऊन, थोडा वेळ, आणि उत्तर आलं की लगेच बंद करतो. हद्द राखणारा नर प्रत्येक आवाजाला धावून येतो. सुट्टीच्या दिवशी ओळीने दहा गाड्यांनी वाजवलं तर त्याची सकाळची शिकार बुडते आणि ढोलीतली मादी उपाशी राहते. घरटं सापडलं तर जागा फक्त वनरक्षकाला सांगा. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेली जागा संध्याकाळपर्यंत नागपूर-पुण्याला पोहोचलेली असते.

यादी करताना रानपिंगळ्यापुरती करू नका, पिंगळे, पोपट, मैना, सुतार सगळे लिहा, कारण ढोलीचे हे वाटेकरी वाढताहेत की घटताहेत, यावरून ढोल्यांचा अंदाज येतो. किती वाजता सुरू केलं, कधी थांबवलं, किती अंतर फिरलात, पायी की गाडीतून, हे लिहाच. एवढं लिहिलेलं असेल तर 'रानपिंगळा दिसला नाही' हीसुद्धा पक्की नोंद होते, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच वाटेवर त्याच वेळी दुसरं कुणी गेलं तर दोन्ही याद्या एकमेकींशेजारी ठेवता येतात.